घरात कोण कोण राहतं

त्या वर्षी दाराची बेल वाजली की मावशी आधी गॅस बारीक करायची, ओढणीला हात पुसायची आणि मग दाराकडे जायची. घाबरून नाही आणि घाईनंही नाही, वॉर्डात फेऱ्या मारून दमलेली नर्स आणखी एका पेशंटकडे जाते तशी. दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली असे, तिच्यात घटस्फोटाच्या निकालाच्या चार-पाच झेरॉक्स. बाहेर कोण आहे हे विचारायची गरज उरली नव्हती. दूधवाला खालूनच हाक मारायचा, घरमालकीण भाभीजी बेल न वाजवता दार ढकलून आत यायच्या, आणि दुसरं कुणी आमच्याकडे येत नव्हतं. बेल वाजवणारे सगळे बाबांना शोधत येत, आणि बाबा त्या घरात राहत नव्हते.

मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. माझी आई मी अडीच वर्षांची असताना गेली. तिचा एक फोटो आहे, आठवण नाही. बाबा फौजेत होते, शेवटची पोस्टिंग जयपूरची होती आणि पेन्शनीत निघाल्यावर साताऱ्याला परत न जाता ते तिथंच, झोटवाडा भागात राहिले. मी सहा वर्षांची असताना त्यांनी मावशीशी लग्न केलं. ती अमरावतीची, जयपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स. घरात आल्यावर पहिल्याच दिवशी तिनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, "तू मला मावशी म्हण. आई म्हणायची काही गरज नाही, तुझी आई होती न." मला फार हलकं वाटलं होतं, हे आठवतं. नंतर कधीकधी वाटायचं, तिनं थोडा आग्रह करायला हवा होता.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. खाली घरमालकांचं पत्र्याची कपाटं बनवायचं काम चाले. सकाळी नऊला ठोकाठोकी सुरू व्हायची ती दुपारी जेवायला थांबायची, आणि ती थांबली की एकदम कानात काहीतरी भरल्यासारखं व्हायचं. मग गच्चीवरच्या टाकीवर बसलेल्या मोराचा आवाज ऐकू यायचा. रंगाच्या फवाऱ्याचा वास कपड्यांत, उशांत, कधीकधी भातातसुद्धा यायचा. मावशी नाइट ड्यूटी करून सकाळी आली की त्याच ठोकाठोकीत झोपायची. डोळ्यांवर ओला रुमाल, कानात कापसाचे बोळे. संध्याकाळी उठून ती पातोडीची भाजी करायची, बेसनाच्या वड्यांची, लाल तर्रीची, लसूण ठेचून घातलेली. भाभीजी ती चाखून दर वेळी म्हणायच्या, "ये तो हमारे गट्टे ही हुए, शैलाजी," आणि मावशी दर वेळी म्हणायची, "नाही हो भाभीजी, बिलकुल नाही." या एका बाबतीत ती कधी माघार घ्यायची नाही. भाभीजींच्या बाजरीच्या रोट्या आणि ताकात पीठ शिजवलेली राबडी आमच्याकडे यायची, आमची पातोडी खाली जायची. माझं मराठी असंच अर्धं हिंदीत भिजलेलं. बाबांचं साताऱ्याचं, मावशीचं वऱ्हाडी आणि माझं "मतलब"नं सुरू होणारं.

बाबा वाईट नव्हते. हे मी त्यांची मुलगी म्हणून लिहीत नाही. मावशीनंही त्यांना कधी वाईट म्हटलं नाही. ते दारू पीत नव्हते, हात उगारत नव्हते. गल्लीच्या टोकाला त्यांचा कूलर बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक शेड, पत्रा वाकवायचं मशीन आणि खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांचा ढीग. रविवारी ते प्याजची कचोरी आणायचे आणि गात गात वाढायचे. त्यांचा दोष एकच, त्यांना कुणालाही नाही म्हणता येत नसे आणि झालेलं सांगता येत नसे. ते सही करून यायचे आणि गप्प बसायचे. नवं मशीन कर्जावर घेतलं, पाठोपाठ दोन उन्हाळे आंधी-पावसात गेले, कूलर शेडमध्ये पडून राहिले. आणि हे सगळं मावशीला कुण्या तिसऱ्या माणसाच्या तोंडून कळलं. असं चार-पाचदा झालं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "माझ्या घरातलं मला बाहेरून कळून राहिलं. मला नाही जमत आता." दोघांनी संमतीनं घटस्फोट घेतला. माझं काय, हे त्या कागदावर नव्हतंच, कारण मी दोघांची मिळून नव्हते. बाबा अहमदाबादला कुणाच्या तरी फॅक्टरीत कामाला लागले. जाताना दोन सुटकेस घेऊन दारात उभे राहून म्हणाले, "शैला, पोरीची परीक्षा होईपर्यंत राहू दे तिला इथं. मग बघतो." ती नववीची परीक्षा होती. ती झाली, दहावी सुरू झाली, आणि 'मग बघतो'बद्दल कुणीच काही बोललं नाही. मीही बोलले नाही. विषय निघाला तर माझं जायचं ठरेल असं मला वाटायचं.

कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कागदावर पत्ता आमच्या घराचा होता. कंपनीचा माणूस, पंकजजी, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, कधी आवाज चढवायचा नाही आणि प्रत्येक वाक्यात 'मैडम' म्हणायचा. मावशी त्याला झेरॉक्स द्यायची. सांगायची, "तलाक हो चुका है, वो यहाँ नहीं रहते, कहाँ रहते हैं मुझे नहीं मालूम." तो कागद नीट घडी करून खिशात ठेवायचा आणि आमच्या जिन्यावर बसायचा. "आप आराम कीजिए मैडम, हमारी तो नौकरी है." दुपारभर बसायचा. जाणारे-येणारे त्याला ओलांडून जायचे. एकदा कडक उन्हात मावशीनं त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला, तेव्हा मला तिचा राग आला. ती म्हणाली, "तहान तर लागतेच न माणसाला," आणि पुन्हा डोळ्यांवर रुमाल घेऊन आडवी झाली.

पण एके दिवशी तांब्या परत देताना तो आत बघत म्हणाला, "बच्ची तो यहीं है ना, मैडम?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मावशीनं तांब्या काढून घेतला. तो पुढे म्हणाला, "बुरा मत मानिए. हमारे साहब कहते हैं, तलाक कागज़ का है. जिसकी बेटी जहाँ पल रही है, उसका घर वहीं."

त्या दिवसापासून मी त्या घरात लपून राहायला लागले. मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेचा ड्रेस बाहेर दोरीवर न घालता न्हाणीघरात वाळत घालायचा, बूट पलंगाखाली, जिन्यात कुणी बसलेलं असेल तर भाभीजींच्या मागच्या दारानं वर यायचं. बेल वाजली की मी न्हाणीघरात जाऊन कडी लावायची आणि बादलीवर बसून भूगोल वाचायची. मावशीच्या ते लक्षात आलं की नाही, मला कळत नव्हतं. आता माझ्याही केसांत पांढरं दिसतं, नोकरी करून घरी येणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, आणि मला खात्री आहे की तिच्या सगळं लक्षात आलं होतं. फक्त त्याबद्दल बोलायला लागते तेवढी शक्ती दिवसाच्या शेवटी तिच्यात उरत नसावी. त्या वयात मात्र मी तिच्या गप्प राहण्याचा एकच अर्थ लावला.

एकदा पंकजजी तिच्या हॉस्पिटलात गेला. वॉर्डाच्या दारात उभं राहून त्यानं चार लोकांत बाबांचं नाव घेऊन विचारलं, आणि मेट्रननं मावशीला केबिनमध्ये बोलावलं. हे मला तिनं नाही सांगितलं. ती फोनवर अमरावतीच्या बहिणीशी बोलताना मी ऐकलं. घरी आल्यावर ती लसूण सोलत बसली होती. सोलून झाला तरी सोललेल्या पाकळ्या पुन्हा पुन्हा निवडत होती. त्याच आठवड्यात भाभीजी आल्या. मी गच्चीच्या पायऱ्यांवर होते, त्यांना दिसत नव्हते. त्या म्हणाल्या, "शैलाजी, मेरी बात का बुरा मत मानना. लड़की को उसकी बुआ के पास भेज दो. लड़की नहीं रहेगी तो ये लोग भी नहीं आएँगे. आप क्यों पिस रही हो दूसरे की औलाद के पीछे?"

मावशीनं भाभीजींची वाटी नळाखाली धुतली. मग म्हणाली, "इस साल बोर्ड है उसका, भाभीजी."

मी ते 'पुन्हा एका परीक्षेपर्यंत' असं ऐकलं.

मावशी आंघोळीला गेली की तिच्या मोबाईलवरून मी कधीमधी बाबांना फोन करायची. नंबर पाठ होता, लावून झाल्यावर पुसून टाकायची. त्या आठवड्यात मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "थोडे दिवस काढ गं पोरी. बघतोय मी काहीतरी." मी विचारलं, तुमचा पत्ता त्यांना देऊ का. पलीकडं मशीनचा आवाज येत राहिला. मग बाबा म्हणाले, "तुला बरं वाटेल तसं कर." मला त्यांचा राग यायला हवा होता. पण शेडमध्ये न विकलेल्या कूलरांच्या रांगेसमोर उभे असलेले बाबा मला दिसले आणि मी फोन ठेवला. माझ्यासमोर दोनच मार्ग होते. बाबांचा पत्ता द्यायचा, नाहीतर आपण जायचं. पहिलं माझ्याच्यानं होईना. मग मी साताऱ्याच्या आत्याला फोन केला. ती "ये की" म्हणाली, पण त्या दोन शब्दांच्या आधी थोडी थांबली.

बोर्डाची परीक्षा संपल्यावर मी मावशीला म्हटलं, "मी आत्याकडे जाते सुट्टीत." ती नाइट करून आली होती, चपला काढत होती. "बरं," म्हणाली. मी थांबले. ती म्हणाली, "स्वेटर घेऊ नको, तिकडंही गरमच असेल." मी बॅग भरली. सुट्टीपुरती नव्हे, सगळी भरली. पुस्तकं, आईचा फोटो, थंडीचे कपडेही तळाशी घातले. स्वेटर ती नको म्हणाली तरी घेतला, तो सगळ्यात वर बसला.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी साडेदहाला बेल वाजली. मावशीनं गॅस बारीक केला. दारात पंकजजी होता, त्याच्यामागे एक हवालदार आणि एक वयस्कर माणूस, हातात कापडी पिशवी, जिना चढून धाप लागलेला. तो कोर्टाचा अमीन, म्हणजे आपल्याकडचा बेलीफ होता, रामकिशनजी. जप्तीला तिकडे कुर्की म्हणतात. त्याच्याकडे कुर्कीचा हुकूम होता. घरात बाबांच्या मालकीचं जे असेल ते लिहून घ्यायचं आणि उचलायचं. मला न्हाणीघरात जायलाही वेळ मिळाला नाही. ते तिघं आत आले तेव्हा मी भरलेल्या बॅगेशेजारी उभी होते.

रामकिशनजींनी आधी पाणी मागितलं. मग खुर्चीवर बसून चष्मा लावला आणि मावशीला म्हणाले, "बाईजी, घबराओ मत. जो आपका है वो आपका है. बिल दिखाती जाओ." मावशीनं लोखंडी पेटीतून बिलं काढली. फ्रिज तिच्या नावावर, टीव्ही तिच्या, शिलाई मशीन तिच्या आईनं दिलेलं. एकेक वस्तू बोटानं दाखवायची आणि तिनं सांगायचं, कधी घेतली, कुठून घेतली. मी तोवर त्या घराकडे असं कधी बघितलं नव्हतं. आमच्या घरात किती थोडं होतं. खिडकीतल्या कूलरपाशी बोट आलं तेव्हा मावशी थांबली. तो बाबांनी स्वतः बनवलेला होता, त्याला बिल कुठून असणार. पंकजजी तिच्या तोंडाकडे बघत होता.

"हा त्यांचा आहे," ती म्हणाली, मराठीतच. मग हिंदीत, "ये उन्हीं का है. ले जाइए."

हवालदारानं आणि पंकजजीनं मिळून कूलर खिडकीतून ओढला. त्यातलं पाणी फरशीवर सांडलं, ओल्या खसाचा वास खोलीभर झाला आणि खिडकीच्या भोकातून मे महिन्याचं ऊन सरळ पलंगावर आलं.

"बस, एक कूलर?" पंकजजी म्हणाला. "अमीनजी, ये सब मिलीभगत है. घर उसी का है. बेटी यहीं रहती है उसकी. आप ये भी लिखो रिपोर्ट में."

रामकिशनजींनी पेन खाली ठेवलं. मला वाटतं, अशी दुपारपर्यंत आणखी चार घरं त्यांना करायची असावीत. ते मावशीकडे वळून हळू म्हणाले, "देखो बाईजी, मुझे लिखना पड़ता है घर में कौन-कौन रहता है. आदमी का यहाँ कोई नहीं रहता, इतना मैं लिख दूँ तो बात यहीं ख़त्म. फिर इस पते पर कोई नहीं आएगा. सोच के बताओ. कौन-कौन रहता है?"

त्यांनी तो रस्ता मुद्दाम उघडा ठेवला होता. ते मलाही कळलं, पंकजजीलाही कळलं असावं. मावशी तोंड उघडायच्या आत मीच बोलले. "मैं यहाँ नहीं रहती, अंकल. मैं घूमने आई थी. कल सातारा वापस जा रही हूँ. ये देखिए बैग." एवढं सगळं न अडखळता बोलून झालं. शाळेत कविता म्हणून झाल्यावर वाटतं तसं वाटलं, सुटले.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मग बॅगेकडे बघितलं. ती खाली वाकली, बॅगेची चेन थोडी उघडली आणि वरवर हात घातला. हाताला स्वेटर लागला. तो तिनं अर्धा बाहेर काढला, तसाच आत सारला आणि चेन लावली.

"रहती है," ती रामकिशनजींना म्हणाली. "दस साल से यहीं रहती है. लिखिए."

"बाईजी, सोच लो. फिर तारीखें पड़ेंगी. चक्कर काटने पड़ेंगे."

"लिखिए न."

त्यांनी लिहिलं. मावशीनं सही केली, मग मला नाव नीट लिहिलंय का ते वाचायला लावलं. माझ्या नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती, ती तिनं त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतली. ते तिघं कूलर घेऊन जिना उतरायला लागले. मधल्या वळणावर तो अडकला, थोडा वेळ खडखडला, मग गेला.

दार लावून मावशी माझ्याकडे वळली, आणि चिडली. मला वाटलं होतं ती जवळ घेईल. "काहून बोलली तू तसं? कोण म्हटलं तुला बोलायला?"

"मतलब, मला वाटलं... तुला त्रास होतो माझ्यामुळे. तू काही बोलतच नाहीस. भाभीजींना तू म्हणालीस, बोर्ड आहे म्हणून. बोर्ड तर झालं."

ती पलंगावर बसली, उन्हाचा चट्टा होता तिथंच, सरकली नाही. "मी थकली आहे," ती म्हणाली. "थकली आहे म्हणजे थकली आहे. त्याचा दुसरा काही अर्थ काढत जाऊ नको तू." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि तुझ्या बाबांचा नंबर तुझ्याकडं आहे, मला माहीत आहे. त्यांना पकडून द्यायचं काम तुझं नाही. माझ्यासाठी तर मुळीच नाही. जा, फरशी पुसून घे."

मी फरशी पुसली. आत्याला फोन करून सांगितलं, येत नाही. ती लगेच "बरं" म्हणाली, या वेळी मध्ये थांबली नाही.

रामकिशनजी म्हणाले होते तसंच झालं. तारखा पडल्या. हे भाड्याचं घर तिच्या नावावर आहे, बाबांचा त्याच्याशी संबंध नाही आणि मुलगी सांभाळली म्हणून तिच्यावर कर्जाचा बोजा येत नाही, एवढं मांडायला तिला जवळजवळ दोन वर्षं लागली. हॉस्पिटलातल्या एका सिस्टरच्या नवऱ्यानं वकीलपत्र घेतलं. मावशी सुट्ट्या साठवायची आणि कोर्टात घालवायची. दिवाळीला ती दोन वर्षं अमरावतीला गेली नाही. पंकजजी मध्येमध्ये येऊन जिन्यात बसायचा, मग त्याच्या जागी दुसरा यायला लागला, तो पाणीही मागायचा नाही. उन्हाळ्यात आम्ही खिडकीच्या भोकाला पोत्याचं ओलं कापड लावायचो. मी अकरावीत विज्ञान घेतलं. घरात आनंदीआनंद वगैरे काही नव्हता. ती चिडचिडी झाली होती, मीही उलट बोलायला लागले होते. पण मी लपत नव्हते. दारात मी जायची, झेरॉक्स मी द्यायची, "मैडम सो रही हैं" मी सांगायची. बाबांनी ते कर्ज पुढे कसं मिटवलं, मिटवलं की नाही, मला आजही नक्की माहीत नाही. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी, त्यांच्या सवयीप्रमाणे, सांगितलं नाही.

शेवटच्या तारखेला मावशी नाइट करून परस्पर कोर्टात गेली आणि दुपारी दोनच्या सुमारास घरी आली. मी बारावीची तयारी करत बसले होते. चपला काढता काढता म्हणाली, "झालं." मी विचारलं, काय झालं. "आपल्यासारखं झालं. पत्ता काढून टाकला त्यांनी." मी भाकरी केल्या होत्या, जाड झाल्या होत्या. ती दीड भाकरी ठेच्याशी खाऊन उठली, हात धुतले आणि आडवी झाली. खाली ठोकाठोकी चालू होती. तिनं कानात कापूस घातला नाही, डोळ्यांवर रुमाल घेतला नाही, अंगावरचा युनिफॉर्मही बदलला नाही. तिला सहा वाजता उठवायचं होतं, आठची ड्यूटी होती. मी सहाला गेले, हाक मारली, खांदा हलवला. ती नुसती कुशीवर वळली. तिचं तोंड उघडं होतं आणि डावा हात पलंगाच्या बाहेर लोंबत होता. मी हात उचलून आत ठेवला.

मग तिचा मोबाईल घेऊन बाहेरच्या जिन्यात जाऊन बसले आणि वॉर्डाला फोन लावला. शैला सिस्टर आज येऊ शकणार नाहीत, असं सांगितलं.

"क्यों, क्या हुआ?" पलीकडची सिस्टर म्हणाली. "और आप कौन बोल रही हैं?"

"उनकी बेटी," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली. मागे कुणाच्या तरी बेडची घंटी वाजत होती. "ठीक है बेटा, मैं मीना से बोल देती हूँ, वो डबल कर लेगी. सोने दो उनको."